वेरावळहून आलेला उशीर

उद्देश

एका क्षणी स्क्रीनवर चाळीस तोंडं होती, दुसऱ्या क्षणी एकच उरलं.

मी इतकी दचकले की दातांत धरलेला वेफर तसाच राहिला. 'आता तुमच्या जोड्या पडतील' असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण जोडी अशी पडते हे मला कुठे माहीत... ना ओळख ना पाळख, समोर एकदम एक मुलगा. मागे हिरवट भिंत, भिंतीवर माशाचं चित्र असलेलं कॅलेंडर. तोही माझ्याइतकाच गडबडलेला.

"नमस्कार, हेतवीबेन. मी केयूर. वेरावळ."

"नमस्कार, केयूरभाई. राजकोट."

त्याची नजर माझ्या तोंडाशी अडली.

"खाऊन टाका ना," तो म्हणाला.

"काय?"

"तो वेफर. मघापासून धरून बसलाय. मला बघवत नाही."

मी चावला. इतक्या जोरात कुरकुरला, की तिकडे वेरावळला त्याने कानातला इयरफोन काढला, आणि हसला. हसताना एक भुवई वर गेली. एकच. मला उगीचच... जाऊ दे.

'मानसशास्त्राचा पाया', एक वर्ष, घरबसल्या. पप्पांनी फी भरली ती 'घरबसल्या' या शब्दावर. आमचं वेफर-चटणीचं दुकान. दुपारी एकला शटर खाली, चारला वर. मधल्या वेळात अख्खं राजकोट झोपतं, पप्पा घोरतात, मम्मी पंख्याखाली आडवी होते. तेवढाच वेळ माझा. आणि आता त्या वेळात वेरावळ शिरलं होतं.

सूचना

प्रयोगांची रीत अशी: एक प्रयोग करणार, दुसऱ्यावर तो होणार. ज्याच्यावर होतो त्याला 'प्रयुक्त' म्हणतात. प्रयोगकर्त्याने चेहरा कोरा ठेवायचा. सूचना शब्दशः वाचायच्या. हसायचं नाही.

पहिल्याच दिवशी नियम मोडला.

तो बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघायचा आणि त्याच्याच ऑफिसात बसून शिकायचा. स्मृतीच्या प्रयोगासाठी त्याने मला बिनअर्थाची अक्षरं वाचून दाखवली. झप. लुक. तिव. रोम. ती मी पाठ म्हणायची होती. पोरगं इतक्या हळू आवाजात, इतकं जपून वाचत होतं, की कानात कोणी अत्तराचा फाया ठेवावा. प्रयोग संपला, तरी मी आठवडाभर चटणी वाटताना म्हणत होते... झप, लुक, तिव, रोम. मम्मीने मिरच्या काढून बाजूला ठेवल्या. म्हणाली, "उन्हाने डोकं तापलंय, मिरची नको."

"हेतवीबेन, तुम्ही सगळी बरोबर सांगितलीत," तो म्हणाला होता.

"एक विचारू? तुम्ही मला 'बेन' म्हणणं सोडाल?"

"का? अख्खा गुजरात म्हणतो."

"अख्ख्या गुजरातने म्हणावं की."

यावर तो मागे वळला, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला. कान मात्र लाल झाले.

साहित्य

एक मोबाइलमधलं घड्याळ. वीस शब्द. आणि मोरबीचा एक मुलगा.

मोरबीचा मुलगा म्हणजे हर्षिल. टाइल्सचा कारखाना, उंच, नम्र, बघायला आला तेव्हा मम्मीने केलेला हांडवो दोनदा घेतला. त्याच्यात खोट काढायची तर भिंगच हवं. येत्या रविवारी गोळधाणा, म्हणजे गूळ नि धणे वाटले की बोलणी पक्की. पप्पा म्हणाले, "दीकरा, तुझ्यावर जबरदस्ती नाही. पण नाही म्हणायचं तर गुरुवारपर्यंत, आणि कारण देऊन. नुसतं 'असंच' चालणार नाही. मला त्यांना तोंड द्यायचंय."

कारण नव्हतं माझ्याकडे. एक भुवई हे काही कारण नाही.

केयूरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "अरे वा." एवढंच. अरे वा.

निरीक्षण

बुधवार. प्रयोग शब्द-साहचर्याचा. मी एक शब्द उच्चारायचा, त्याने मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा, मी मधला वेळ मोजायचा. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, आणि मी त्याखाली रेघ मारली होती: *जिथे उत्तराला उशीर, तिथे मनात गाठ.*

"पाणी," मी म्हटलं.

"समुद्र."

"दिवा."

"वात."

"मीठ."

"समुद्र. अहो, वेरावळच्या माणसाला मीठ विचारता?"

"प्रयुक्ताने गप्पा मारू नयेत. खुर्ची."

"टेबल."

आणि मग तो शब्द, जो पुस्तकातल्या यादीत नव्हता. तो मी घुसवला होता. सकाळपासून घुसवायचं ठरवत होते, खोडत होते...

"राजकोट."

काही नाही.

घड्याळ पळतंय. त्याचा चेहरा तसाच, ओठ किंचित उघडे. एक सेकंद... दोन... चार... सहा... सात...

"दुपार," तो म्हणाला.

मी पुढचा शब्द विसरले. समोर लिहिलेला होता, तरी दिसेना.

"भाभीचा फोन येतोय," तो घाईघाईने म्हणाला. "बाकीचं परवा करू." आणि चौकट काळी झाली.

सात सेकंद! पाण्याला अर्धा, मिठाला तर तेवढाही नाही, आणि राजकोटला सात! मी उठले, बसले, पुन्हा उठले. आतल्या खोलीत पप्पा घोरत होते. जगात इतकी मोठी गोष्ट घडली होती आणि माणूस घोरतोय!

निष्कर्ष

"मोरबीला नाही सांगा," मी म्हटलं.

चहाचा कप पप्पांच्या ओठांपाशी थांबला. "कारण?"

"वेरावळला एक मुलगा आहे."

मम्मी मटकन् बसली. "वेरावळ! कोण लोक?"

"खारवा."

"खारवा म्हणजे... बोटीवाले? अगं, त्यांच्या घरी मासे शिजतात!"

"थांब तू," पप्पा म्हणाले. "त्याने विचारलं तुला?"

"नाही."

"तू विचारलंस?"

"नाही."

"मग कळलं कसं?"

"त्याला... उशीर झाला."

पप्पांनी मम्मीकडे पाहिलं. मम्मीने देवाकडे.

मी पुस्तक आणलं, रेघ मारलेली ओळ दाखवली. पप्पांनी चष्मा लावून ती वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाले, "माझ्याकडे उधारीवाला पण उत्तर द्यायला उशीर लावतो. त्याचं माझ्यावर प्रेम आहे?"

"पप्पा!"

"खात्री आहे तुझी?"

"शास्त्र आहे ते."

ते उठून ओट्यावर गेले. फोन लावला. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती आणि ऐकू येत होतं ते एवढंच: "हो... मुलगी नाही म्हणते... नाही, तुमच्या मुलात काही खोट नाही... हात जोडतो..." पप्पांना कोणापुढे वाकताना मी पहिल्यांदा पाहिलं. माझ्यासाठी. सात सेकंदांवर.

अंतर्निरीक्षण

प्रयोगानंतर प्रयुक्ताला विचारावं लागतं, त्या वेळी मनात काय चाललं होतं. शुक्रवारी मी नवा दुपट्टा घेऊन बसले.

"'राजकोट' या शब्दाला तुम्हाला उशीर झाला," मी कोऱ्या चेहऱ्याने म्हटलं. चेहरा कसला कोरा, गाल तापले होते. "काय झालं त्या वेळी?"

तो खाली बघत होता.

"ते होय... ते मशीन. बर्फाचं मशीन चालू झालं की विजेचा दाब पडतो, दिवे मिणमिणतात, नेट अडकतं. तुमचा शब्द माझ्यापर्यंत पोचलाच नाही लगेच."

"मशीन," मी म्हटलं.

"हो. कॉम्प्रेसर."

"आणि 'दुपार'?"

"दुपार होती म्हणून." मग एकदम, फार नीटनेटकं: "रविवारी गोळधाणा ना? अभिनंदन, हेतवीबेन."

*बेन* परत आलं होतं.

मी आभार मानले. स्क्रीन बंद केली. अंगातलं सगळं रक्त कोणी पळीने काढून घ्यावं, तसं झालं. मी एका कॉम्प्रेसरच्या भरवशावर लग्न मोडलं होतं. पप्पांना हात जोडायला लावले होते... विजेच्या दाबासाठी!

सांगावं तर लागलंच. पप्पा रागावले नाहीत, हे जास्त वाईट. फक्त जेवताना वरण वाढलं की म्हणायचे, "जरा थांबा. वेरावळचं मशीन चालू असेल."

~~निष्कर्ष~~

पुन्हा प्रयोग

जुलै सरता सरता प्रत्यक्ष परीक्षा आली. जुनागढच्या केंद्रात. नियम: येताना आपला प्रयुक्त सोबत आणावा, घरातला चालेल. मम्मी म्हणाली, "मी नाही माझ्या मनात कोणाला बघू देणार." म्हणून पप्पा आले, दुपारच्या झोपेवर पाणी सोडून.

गिरनारवर ढग अडकले होते. ओसरीत बाक, बाकावर प्रयुक्तांची रांग. आणि टोकाला तो... उभा. पूर्ण. आजवर मी त्याला छातीपर्यंतच पाहिलं होतं. पाय असतील हे गृहीत होतं, पण इतका उंच? मी मान खाली घालून पप्पांच्या शेजारी बसले. तो ओसरीच्या दुसऱ्या टोकाला माठापाशी गेला.

त्याची प्रयुक्त म्हणजे वसुभाभी. गोल चेहरा, मोठा आवाज, हातात थेपल्यांचा डबा. पप्पांना डबा पुढे करून म्हणाली, "घ्या भाई. वेरावळहून आणलेत, मेथीचे आहेत. घाबरू नका, माशांचा डबा वेगळा आहे."

पप्पांनी घेतला. अर्धा खाल्ल्यावर म्हणाले, "बेन, तुमच्याकडचं बर्फाचं मशीन फार जोरात चालतं म्हणे."

"पप्पा..." मी कुजबुजले.

"कुठलं मशीन?" वसुभाभी म्हणाली. "आत्ता? अहो भाई, बंदी नाही का! पावसाळ्याचे मासे धरायचे नसतात. जूनपासून बोटी वर काढून ठेवल्यात, बर्फ घालू कोणाला? कारखान्याला कुलूप आहे. हा आमचा वेडा रोज दुपारी कुलूप काढून एकटाच आत जाऊन बसतो. म्हणतो, तिथे नेट चांगलं येतं."

पप्पांच्या हातातला थेपला हवेत राहिला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. राजकोटला समुद्र नाही. आम्हाला मासे कधी अंडी घालतात हे कोणी सांगणार?

"जा," पप्पा म्हणाले. "विचार."

मी माठापाशी गेले.

"केयूर." भाई नाही, काही नाही. "तुमचं मशीन कधी बंद झालं?"

तो पाण्याचा पेला घेऊन वळला आणि तसाच थिजला.

"...मे संपताना."

"आणि आपला प्रयोग?"

"जुलैत."

"मग?"

"तुमचा गोळधाणा होता रविवारी," तो पेल्यात बघत म्हणाला. "मी मध्ये कुठे येऊ..."

"मोडला तो."

"काय?"

"तुमचा उशीर पाहून मी मोरबीला नाही कळवलं. आणि मग तुम्ही मला कॉम्प्रेसर सांगितलात!"

पेला हातातून सुटला. पाणी त्याच्या बुटांवर. त्याला कळलंही नाही, तो पायरीवर बसला होता.

"तुम्ही... एका शब्दावर... लग्न मोडलंत?"

"पुस्तकात लिहिलंय!"

"पुस्तकात असंही लिहिलंय की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये!"

"ते पुढच्या प्रकरणात आहे. मी तिथवर पोचले नव्हते."

तो बघतच राहिला. मग ती भुवई वर गेली... आणि मला हसू फुटलं, नि रडूही, कुठलं आधी ते मोजलं नाही.

"आता खरं सांगा," मी म्हटलं. "राजकोट म्हटल्यावर काय आलं मनात?"

"तुम्ही." हे लगेच. मग हळूहळू, एकेक शब्द जपून: "पहिल्यांदा तुम्हीच आलात. म्हटलं, हे सांगायचं नाही. दुसरा शब्द शोधला... वेफर. तोही तुमचाच निघाला. तिसरा शोधला. 'दुपार'ही तुमचीच होती हेतवी, पण तोवर फार वेळ झाला होता."

ओसरी, माठ, गिरनार... सगळं एकदम फार जवळ आलं. मी काहीतरी म्हणणार होते. पण मागे पप्पा उभे होते.

केयूर ताडकन् उठला.

"खोटं बोललात तुम्ही," पप्पा म्हणाले.

"हो, काका."

"स्वतःच्या फायद्यासाठी खोटं बोलणारे बाजारात रोज भेटतात. स्वतःचं नुकसान करून घेण्यासाठी बोलणारा पहिलाच पाहतोय." मग: "मासे खाता?"

"खातो."

"इथे खोटं बोलायला चांगली संधी होती."

"मशीनचं बोललो, काका. तेवढं पुरे."

मला वाटलं, पप्पा खांदा तरी थोपटतील, रागावतील तरी... छे. ते नाक शिंकरून आत गेले. माझा नंबर पुकारला होता.

परीक्षक बाई समोर बसल्या. उरलेले सगळे दाराशी गोळा झालेले. मी घड्याळ हातात घेतलं. पप्पांची झोपेची वेळ, डोळे जड.

"पाणी."

"टँकर."

"दिवा."

"बिल."

"फूल."

"हार."

"उशी."

"घर," पप्पांनी जांभई दिली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

पुढचा शब्द यादीतला नव्हता. मला माझाच आवाज ऐकू आला.

"वेरावळ."

"रविवारी."

पापणीही लवली नाही. बाई गोंधळल्या. "काका, पहिला मनात येईल तो शब्द सांगायचा. वेरावळचा आणि रविवारचा काय संबंध?"

"पहिलाच आला," पप्पा म्हणाले.

"रविवारी या, भाई," दारातून वसुभाभी ओरडली, "आम्ही घरीच आहोत!"

बाई "शांतता, शांतता" म्हणत टेबलावर पेन आपटत होत्या. दाराच्या चौकटीत केयूर भिंतीला हात टेकून उभा होता, ओले बूट, उघडं तोंड. मी त्याच्याकडे बघत राहिले, आणि हातातलं घड्याळ थांबवायचं मला सुचलंच नाही.