डावा खळगा

बोलोन्याबाहेरच्या आमच्या कारखान्यात मी मोटारसायकलींच्या पेट्रोल टाक्यांचे नमुने मातीत घडवते. ही माती भट्टीत तापवून लावायची. थंड झाली की बोटाने दबत नाही. टाकीचा आकार म्हणजे नुसती शोभा नव्हे. भरधाव वेगात ब्रेक दाबला की स्वाराचं सगळं वजन पुढे येतं. टाकीने गुडघे नीट धरले, तरच हात मोकळे राहतात.

माझा भाऊ ईवानो आमचा चाचणीस्वार होता. वसंत लागताना फूता घाटातल्या एका ओल्या वळणावर तो गेला. नव्या गाडीची टाकी त्यानंतर माझ्याकडे आली. सुट्टी घे, असं सगळे म्हणाले. घरी आईसमोर बसण्यापेक्षा मला काम बरं वाटलं.

टाकी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी केली. सकाळी पाहिलं, तर गुडघा बसायचा डावा खळगा खोल झालेला, जरासा पुढे सरकलेला. मी तो भरला, तासला, मोजला. दालनाला कुलूप लावून किल्ली घरी नेली. सकाळी पुन्हा तेच. मातीवर हत्याराची खूण नव्हती.

ईवानोचा डावा पाय लहानपणी मोडून थोडा वाकडा जुळला होता.

मग मी खळगा भरला नाही. तसाच साचा काढायला दिला.

शरदात आमचा दुसरा चाचणीस्वार लोरिस ती गाडी घाटात घेऊन गेला. आई हट्टाने माझ्याबरोबर आली होती. आम्ही माथ्यावरच्या कॅफेबाहेर बसलो. लोरिस परतला, हेल्मेट काढलं. नेहमीसारखी माझी थट्टा केली नाही.

"कशी आहे?"

"वळायचं मनात येईपर्यंत झुकलेली असते. इतकी चांगली गाडी मी कधी चालवली नाही." त्याने कॉफीला हात लावला नाही. "पण त्या वळणावर ब्रेक मी दाबला नव्हता, ओर्नेल्ला."

"इंजिनानेच वेग कमी केला असेल."

"असेल. मी पुन्हा नाही बसणार. रागावू नकोस."

आई उठून गाडीपाशी गेली. रिकाम्या सीटच्या वर तिने दोन्ही हात पसरले, मिठी मारावी तसे. हात एकमेकांना मिळाले नाहीत. मध्ये एका माणसाच्या कमरेएवढी जागा राहिली.

"किती वाळलास रे," ती म्हणाली.

मी हाक मारली. तिने हात सोडले.

गाडीची मागची स्प्रिंग हलकेच वर आली, स्वार उतरल्यावर येते तशी.