पडवीतला माड

त्र्यंबक सुळ्यांच्या अलिबागच्या बिऱ्हाडी सत्यवती गुप्ते आल्या, तेव्हा बाळाजी पाटलाच्या पुढ्यात नुकतीच तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण आलं होतं. माणसानं संकट जरूर आणावं, पण जेवणाची वेळ टाळून आणावं, असं बाळाजीचं स्पष्ट मत होतं. पोलिसांतली हवालदारी संपल्यावर तो सुळ्यांच्या हाताखाली आला होता. सुळे खासगी तपासनीस. अंगाने काटकुळे, बोलायला कमी. बाळाजीचं दोन्ही बाबतींत उलट.

बाई तिशीच्या होत्या. कपाळ मोकळं, पण नजर ताठ. एकोणीसशे चौतीस साल असूनही एकटी विधवा बाई होडीने खाडी उतरून तपासनीसाकडे येते, याचंच बाळाजीला अप्रूप वाटलं.

त्यांची हकीकत सरळ होती. पती मुंबईला गिरणीच्या कचेरीत होते, ते गेले. साखरबंदरला सासरचं घर कैक वर्षं बंद होतं. गेल्या दिवाळीच्या आधी त्या तिथे येऊन राहिल्या. घराच्या बाजूला, बोळाच्या अंगाला, माडाच्या झापांनी शाकारलेली जुनी पडवी होती. तिचे कुजके खांब बदलून त्यांनी वर मंगलोरी कौलं चढवली आणि कोर्टाच्या कामाला येणाऱ्या लोकांसाठी खानावळ सुरू केली. आता म्युनिसिपालिटीची नोटीस आली होती. पडवी नवी आहे, बांधकामाचा नवा नियम आल्यानंतर परवानगीवाचून बांधली आहे, दंड भरा आणि ती पाडा.

"जुनी होती तर घाबरता कशाला?" बाळाजीने विचारलं.

"आमच्या बोळावर माझ्याखेरीज तीनच घरं आहेत, हवालदार. तिन्ही घरच्यांनी लिहून दिलंय की दिवाळीपूर्वी तिथे मोकळी जमीन होती. कौलं चढवणारे सुतार मुंबईचे, ते कुठे गेले ठाऊक नाही. मी प्रांतसाहेबांकडे अपील केलंय. ते परवा जागा बघायला येतायत. पडवी गेली की खानावळ गेली, आणि खानावळ गेली की त्या घरात मी राहायचं कशावर? पण त्याहून मला सलतं ते हे की साऱ्या गावात मी खोटारडी ठरलेय."

सुळ्यांनी एवढंच म्हटलं, "बाळाजी, भाकरी बांधून घे."

साखरबंदरला पोचल्यावर पहिली गोष्ट बाळाजीने केली ती खानावळीची परीक्षा. सुरमई झाली, सोलकढी झाली, आणि तृप्त होऊन त्याने मागच्या खांबाला पाठ टेकली. मग ध्यानात आलं की तो खांब नव्हताच, माड होता. पडवीच्या कडेला, वळचणीपासून हातभर आत, एक जुना माड जमिनीतून उगवून छपरातून वर गेला होता. आपल्याकडे माड तोडत नाहीत, छप्पर त्याला वाट देतं. पाणी गळू नये म्हणून बुंध्याभोवतीची फट डांबराने घट्ट बुजवली होती.

"टोचतंय का काही पाठीला?" सुळ्यांनी विचारलं.

"न्हाय बा. गुळगुळीत हाय. झोप येल अशी."

सुळे उठून बाहेर गेले. बाळाजीही नाइलाजाने निघाला, तर अंगणातल्या दुसऱ्या माडापाशी त्याचं धोतर अडकलं. त्या माडावर माडी काढणाऱ्याने पाय ठेवायला खाचा पाडल्या होत्या, त्या पार गुडघ्यापासून वर शेंड्यापर्यंत. धोतर सोडवताना त्याने माडाला दोन शिव्या हासडल्या. सुळे मात्र मान वर करून पडवीच्या छपराबाहेर आलेला माड बघत होते. त्यावरही खाचा होत्या आणि त्यांत चिमण्यांनी काड्या कोंबल्या होत्या.

मग शेजाऱ्यांची पाळी आली. बोळाच्या टोकाला वल्लभशेठची वखार होती. पडवी जाऊन बोळ रुंद झाला की मालाची मोटार थेट दाराशी येणार, हे त्याने स्वतःच हसत सांगितलं. बाळाजीने सुळ्यांना कोपराने ढोसलं. चोर सापडला होता.

"मोकळी जमीन तुम्ही पाहिली होती का, शेठ?" सुळ्यांनी विचारलं.

"अरे साहेब, मी तो या शिमग्याला वखार घेतली. विनायकराव बोलले, मोकळी होती. एवढा मोठा माणूस खोटं कशाला बोलेल? मी सही केली."

समोरच्या घरातल्या मनुबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. अंगठा दिला हे त्यांनी कबूल केलं. "मना कुठं दिसतंय, बाबा? विनायक बोलला तसाच आसंल. त्यो लबाड न्हाय."

तिसरे हे विनायकराव गुप्ते, सत्यवतीबाईंचे चुलत दीर. घराची देखरेख इतकी वर्षं त्यांच्याकडेच होती. त्यांनी दोघांना चहा दिला आणि वहिनींबद्दल मनापासून हळहळ व्यक्त केली.

"मी तिला सांगितलं, दंड भर आणि मोकळी हो. बाईमाणसाने सरकारशी भांडू नये. घर झेपत नसेल तर मी घेतो म्हटलं. पण शपथेवर मला खरं तेच सांगावं लागलं. तिथे पडवी नव्हती."

सुळ्यांनी सहज म्हणून माडाची चौकशी केली. विनायकराव खुलले. माडीचा मक्ता तेच द्यायचे. धर्माजी भंडारी दोन्ही माडांवर चढायचा, त्याच्यासारखा चढणारा पंचक्रोशीत नव्हता. बांधकामाचा नवा नियम आला त्याच्या आदल्या वर्षी तो वारला, आणि तेव्हापासून त्या माडांना कोणी हात लावलेला नव्हता.

"त्या बोळाकडच्या माडावरही जमिनीवरूनच चढायचा? की शिडीने?"

"शिडी?" विनायकराव हसले. "जमिनीवरून, साहेब. सरसर. मी रोज सकाळी उभा राहून बघायचो."

बाळाजीला यात काही राम वाटला नाही. परत येताना त्याने शेठविरुद्धची आपली बाजू पुन्हा एकदा मांडली. सुळ्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली, तेव्हा बाळाजीला आपलंच खरं वाटू लागलं.

तिसऱ्या दिवशी प्रांतसाहेब आले. आळी बघ्यांनी भरली. साहेबांनी कागद वाचले, नवे खांब पाहिले, नवी कौलं पाहिली आणि कपाळाला आठी घातली. सत्यवतीबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांच्या हातातल्या पदराचा पीळ बाळाजीला लांबून दिसत होता. त्याला भारी वाईट वाटलं.

सुळ्यांनी विनायकरावांना धर्माजीच्या चढण्याचा तोच प्रश्न पुन्हा विचारला. त्यांनी तेच उत्तर दिलं, या वेळी सगळ्या आळीसमोर.

"साहेब," सुळे म्हणाले, "कृपा करून या बुंध्यावरून हात फिरवा."

साहेबांनी फिरवला. जमिनीपासून छपरापर्यंत.

"खाच लागली?"

"एकही नाही."

"आता अंगणात चला."

अंगणातल्या माडाच्या खाचा सगळ्यांनी पाहिल्या, गुडघ्यापासून. मग सुळ्यांनी पडवीकडे बोट दाखवलं. तिथे पहिली खाच छपराच्या वर वीतभर अंतरावर होती, आणि तिथून शेंड्यापर्यंत ओळीने.

"आंब्याला घाव घाला, साल भरून येते. माडाला एकदा पाडलेली खाच तो मरेपर्यंत तशीच राहते. किनाऱ्यावरच्या पोरालाही हे ठाऊक आहे. मग धर्माजी छपराच्या उंचीपर्यंत या गुळगुळीत बुंध्यावर पाय कुठे ठेवत होता?"

विनायकरावांच्या तोंडचं पाणी पळालं. "असेल... या माडाला शिडी लावत असेल."

"लावतच होता. बाहेरून, थेट छपरावरच्या बुंध्याला. अंगणातल्या माडाला शिडी लागली नाही, याच एका माडाला लागली. कारण मध्ये छप्पर आडवं होतं. धर्माजी वारला नियमाच्या आधी, म्हणजे पडवी त्याच्याही आधीची. बाईंनी केली ती डागडुजी."

आळीत कुजबुज वाढली. बाळाजीच्या डोक्यात आता कुठे उजेड पडला. परवा आपण पुराव्यालाच पाठ टेकून डुलकी काढायला निघालो होतो, हे आठवून तो मिशीत हसला.

सुळे थांबले नव्हते. "आता खोटं कोण बोललं? शेठ शिमग्याला आले, त्यांनी आधीची जागा पाहिलीच नाही. मनुबाईंना दिसत नाही. दोघांनीही विनायकरावांच्या शब्दावर विसंबून लिहून दिलं. तीन साक्षी दिसतात, पण तोंड एकच आहे. आणि त्या तोंडाची चूक झाली असंही म्हणता येत नाही. देखरेख यांची, मक्ता यांचा, रोज सकाळी उभे राहून बघणारे हेच. पडवी पाडली की वहिनी मुंबईला परत जाणार आणि घर मातीमोलाने यांच्या पदरात पडणार, एवढाच हिशेब होता."

वल्लभशेठने तिथल्या तिथे आपली सही मागे घेतली. मनुबाई विनायकरावांच्या आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या, "माजा आंगठा खोट्याला लावलास रं." एवढंच म्हणाल्या, पण ते साऱ्या आळीला ऐकू गेलं.

प्रांतसाहेबांनी उभ्या उभ्या निकाल लिहिला. नोटीस रद्द, दंड रद्द, आणि खोट्या शपथेबद्दल विनायक गुप्ते यांच्यावर खटला. कारकुनाने तो मोठ्याने वाचला तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. बाळाजीची टाळी सगळ्यांत मोठी होती, आणि त्याला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

विनायकराव खालमानेने निघाले. सत्यवतीबाई उंबरा उतरून पडवीत आल्या. त्यांनी पाट मांडला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि हाक मारली.

"भाऊजी, जेवून जा. जी पडवी कधी नव्हतीच, तिच्यात बसून दोन घास खा."

विनायकराव बोळात थबकले. अख्खी आळी त्यांच्याकडे बघत होती. ते वळले नाहीत. कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

बाई रिकाम्या पाटाकडे वळल्या. मग त्यांनी मनुबाईंचा हात धरून त्यांना त्या पाटावर बसवलं आणि भात वाढायला घेतला. शेठ जरा बिचकतच शेजारी टेकला. त्याच्यामागून आळीतले एकेक जण पायऱ्या चढून वर आले, आणि बघता बघता पडवीत पंगत बसली.