तळच्या रांगेतला फोटो वर कसा गेला?

"परत तेच! आदर्श, परत तेच झालंय!"

दुकानमालक गणपतरावांचा आवाज दुकान ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेला. फ्लेक्स छापायच्या मशीनमधून तालमीच्या अध्यक्षांचा, विजयसिंहांचा वाढदिवसाचा फ्लेक्स नुकताच बाहेर आला होता.

संयोगिता गडहिंग्लजहून सुट्टीला मामाकडे आली होती. तिचा आदर्शमामा या दुकानात डिझाइन करायचा. शेजारची मदिहा आणि तिचा धाकटा भाऊ मुजम्मिल यांच्याशी तिची पहिल्याच दिवशी गट्टी जमली, आणि तेव्हापासून तिघांनी दुकानातच ठाण मांडलं होतं.

आता कोल्हापुरात वाढदिवसाचा फ्लेक्स म्हणजे साधं काम नव्हे! वर अध्यक्षांचा फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या तीन रांगा. कोण कुठल्या रांगेत, कोणाचं डोकं कोणापेक्षा मोठं, यावरून माणसं वर्ष वर्ष अबोला धरतात. म्हणून अध्यक्षांनी स्वतः यादी लिहून दिली होती. यादीत तालमीचा कार्यकर्ता विश्वजित तळच्या रांगेत होता. फ्लेक्सवर मात्र तो पहिल्या रांगेत, मधोमध, कलिंगडाएवढं डोकं घेऊन हसत होता!

"दुसऱ्यांदा हाय हे! काय घेतलंस रे त्याच्याकडनं?"

"देवाशप्पथ काका, मी बरोबर फाइल ठेवलीती."

"मग फोटो काय चालत वर गेला? पाचला तालमीची माणसं येणार. आता चुकलास तर उद्यापासून येऊ नकोस!"

मामा खाली मान घालून उभा राहिला. वर्षभर वणवण केल्यावर त्याला हे काम मिळालं होतं. संयोगिताला रडू आलं नाही, संताप आला. मामा खोटं बोलणारा नव्हे!

गणपतराव तणतणत मागच्या खोलीत गेले, तशी ती म्हणाली, "मामानं केलं नाही, तर कोणी केलं?"

"भूत असंल!" मुजम्मिल म्हणाला.

"भुताला डिझाइन येतंय व्हय?" मदिहानं त्याला गप्प केलं. "पण संयु, मघाशी मामा चहाला गेलता ना, तवा स्क्रीनवर एक काळी चौकट आली आणि गेली. मी बघितली की!"

तिघं कॉम्प्युटरभोवती गोळा झाले. कोपऱ्यात एका छोट्या चित्रावर लाल ठिपका होता.

"हे काय रे मामा?"

"मोबाइलचा माउस करायचं ॲप. गिऱ्हाइकाशेजारी बसून डिझाइन दाखवता येतं."

"आणि लाल ठिपका?"

"नवी आवृत्ती आलीय म्हणतंय तीन महिने. मी आपलं ‘नंतर’ दाबतो."

संयोगितानं ठिपक्यावर क्लिक करून सूचना वाचली आणि तिचे डोळे विस्फारले. जुन्या आवृत्तीत दोष होता. त्याच वायफायवरचा कुठलाही मोबाइल कॉम्प्युटरला हवा तो हुकूम देऊ शकत होता, आणि ॲप ‘तू कोण?’ म्हणून विचारतच नव्हतं!

"मामा, करून बघू?"

मामानं मान डोलावली. तिनं मदिहाच्या मोबाइलवर तेच ॲप घेतलं आणि हुकूम सोडला. समोर पटकन कॅल्क्युलेटर उघडला!

"आईशप्पथ!" मुजम्मिल ओरडला. "कोडबी मागितला न्हाय!"

"पण वायफायचा पासवर्ड कोणाला माहीत असणार?" मामानं विचारलं.

चौघांनी एकदमच भिंतीकडे बघितलं. गिऱ्हाइकांना फोटो पाठवता यावेत म्हणून गणपतरावांनी तिथं लाल रंगानं, हातभर उंचीच्या अक्षरांत पासवर्ड लिहून ठेवला होता!

बाहेर बाकावर दोघं बसले होते: बारशाच्या फ्लेक्ससाठी आलेले एक आजोबा आणि फ्लेक्स बघायच्या निमित्ताने तीन दिवस हजेरी लावणारा विश्वजित.

"जाऊन विचारू या की!" मुजम्मिल म्हणाला.

"तो काय कबूल करणार हाय?" मदिहा म्हणाली.

संयोगितानं क्षणभर विचार केला. "मामा, वायफायचा पासवर्ड बदल. आजोबांना फोटो पाठवायचाय, ते विचारणारच. पण ज्याचा फोटो मंगळवारीच आलाय, त्याला वायफाय कशाला लागेल?"

मामानं पासवर्ड बदलला, बरोबर फाइल पुन्हा ठेवली आणि मोठ्यानं म्हणाला, "पाच मिनिटांत प्रिंट सोडतो!"

आजोबा वायफाय विचारत आत आले. मदिहानं त्यांच्या नातवाचा फोटो केबलनं घेतला. बाहेर विश्वजितची चुळबूळ सुरू झाली. त्यानं मोबाइल वर धरला, हलवला, शेवटी दारात आला.

"ए पोरी, वायफाय बंद पडलं की तुमचं!"

"व्हय काका. काय पाठवायचंय?" मदिहानं विचारलं.

"फोटो... माझा."

"तो मंगळवारीच आलाय. वहीत लिवलंय!"

"मग... दुसरा हाय."

"द्या की, केबलनं घेते!"

विश्वजितनं मोबाइल घाईघाईनं पाठीमागे लपवला. पण पाठीमागे मुजम्मिल उभा होता!

"अरे! ह्यांच्या मोबाइलात अख्खा फ्लेक्स हाय! मोठ्या डोक्याचा!"

ते ऐकून गणपतराव धावत बाहेर आले. विश्वजितनं आधी कां-कूं केलं, मग चिडून म्हणाला, "तालमीसाठी राबतोय मी आणि मला तळाला टाकतात! पसंतीसाठी तालमीला आलेल्या नमुन्यावर माझ्या भाच्यानं माझा फोटो मोठा करून दिला. तुमच्या फाइलीवर टाकायचा कसा, तेबी त्यानंच शिकवलं."

"मग अध्यक्षांना सांगायचं की! माझ्या आदर्शच्या पोटावर का पाय दिलास?" गणपतराव गरजले.

विश्वजित बाकावर जाऊन बसला. संयोगितानं गणपतरावांना मघाचा कॅल्क्युलेटर पुन्हा उघडून दाखवला. ते मामाकडे वळले.

"आदर्श, चुकलं माझं. सगळ्यांसमोर बोललो, सगळ्यांसमोरच माफी मागतो."

"माझंबी चुकलं काका. तीन महिने नंतर नंतर करत राहिलो."

नवी आवृत्ती चढवायला चार मिनिटंही लागली नाहीत. गणपतरावांनी स्वतः चुन्याचा हात मारून भिंतीवरचा पासवर्ड पुसला.

"पोरांनो, वीस वर्षं दुकान चालवतोय, पण हे माझ्या डोक्यात आलं न्हाय. शाब्बास! तुम्ही माझा माणूस वाचवलात!"

पाचला तालमीची माणसं आली आणि यादीप्रमाणे छापलेला फ्लेक्स घेऊन खूश होऊन गेली. संयोगिताचा आनंद गगनात मावत नव्हता. सगळे घरी निघाले, तसे गणपतराव खिसा चाचपत मामाजवळ आले आणि त्यांनी दुकानाची किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"उद्या नऊला ये. दुकान तूच उघड."