मऊ धातूची पाचर

शिट्टी वाजेल तेव्हा दोन्ही पाय खडकावर हवेत! ओ-चिओ बेटाचा हा नियम पेंगहू द्वीपसमूहातल्या त्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ होता. हिवाळ्यात ईशान्येचा वारा सुटला की त्या निर्जन बेटाच्या काळ्या खडकांवर खायचं जांभळं शेवाळ धरतं. ते कधी खरवडायचं, हे समुद्रदेवी मात्सू मातेच्या देवळात कौल लावून ठरतं, आणि त्या दिवशी ओहोटीला घरटी एक माणूस बेटावर हजर लागतं. शिट्टीनंतर पोहोचलात, तर त्या हंगामाचा तुमच्या घराचा वाटा गेला. मग देवी तुमची सख्खी आत्या असली तरी उपयोग नाही.

सिऊ-खिमच्या बोटीत त्या सकाळी सहा घरांच्या सहा बायका बसल्या होत्या. सातवं घर तिचं स्वतःचं, आणि सुकाणू तिच्या हातात. बावन्न वर्षांची ही विधवा नवऱ्यामागे दहा वर्षं बोट चालवत होती. पण बेटावर माणसं न्यायचा कौल तिच्या बोटीला मिळाला तो यंदा पहिल्यांदाच. सात घरांचा हंगाम तिच्या भरवशावर होता. हसं झालं असतं तर पुन्हा तिला कोणी विचारलं नसतं.

धक्क्यावर तिचा धाकटा दीर बुन-ह्योंग खिशात हात घालून उभा होता. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि तिच्याच हातचं खाऊन वाढला. पुढे वीस वर्षं त्यानं काओश्युंगच्या गोदीत जहाजांच्या यंत्रांवर काम केलं आणि दोन वर्षांपूर्वी नवीकोरी बोट घेऊन गावी परतला. त्या बोटीला मात्र कौल मिळाला नाही. तिची नेमणूक राखीव म्हणून झाली होती: कोणाची बोट धक्क्यावर बिघडलीच, तर तिच्यातली माणसं यानं न्यायची. तरी चेहऱ्यावर त्यानं काही दाखवलं नव्हतं. उलट तीनच दिवसांपूर्वी वहिनीच्या बोटीच्या पंख्याचा शाफ्ट त्यानं स्वतः उतरवला, साफ केला, परत बसवला आणि रताळ्याची पेज दोन वाडगे ओरपून गेला होता.

"वहिनी, निघण्याआधी मागचा गिअर टाकून बघ ना एकदा," तो म्हणाला. "नुसता टाकायचा आणि काढायचा."

"आज?" सिऊ-खिम हसली. "शहरात राहून अक्कल गहाण टाकलीस का रे? बेट उघडायच्या दिवशी बोट पाठमोरी निघते कधी?"

बुन-ह्योंगचा चेहरा पडला. त्या दिवशी अपशकुन नको म्हणून कुठलीच बोट मागे चालत नाही; दोर लावून माणसं तिला हातांनी वळवतात आणि ती तोंड पुढे करूनच बंदर सोडते. वीस वर्षं बाहेर काढलेल्या माणसाला हे आठवायचं कुठून! सिऊ-खिमला त्याची जरा गंमतच वाटली. बायकांनी दोर ओढले, बोट वळली, आणि हलक्या हातानं गिअर पुढे टाकून ती निघाली. तिच्या मागोमाग राखीव बोटही निघाली आणि खाडीच्या तोंडाशी पुढे सटकली.

पहिला तास बरा गेला. उघड्या समुद्रात मात्र वाऱ्यानं दात दाखवले. राखाडी लाटा एकामागून एक उठत होत्या आणि पांढऱ्या तुऱ्यांचं पाणी तोंडावर फेकत होत्या. बायका गोणपाटं पांघरून एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. त्यांतली सगळ्यांत थोरली, सत्तरीची बोंग-छी, सुकं माकूळ चघळत आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगत होती. सगळ्यांत धाकटी, नवी नवरी ले-हुन, होडीच्या काठावरून वाकून ओकत होती. क्षितिजावर ओ-चिओ बेट बुटक्या काळ्या टेकाडासारखं दिसू लागलं.

तेवढ्यात एक थोराड लाट बोटीखालून गेली. मागचा भाग हवेत उचलला गेला. पंखा पाण्याबाहेर गरगरला आणि दणकन पुन्हा पाण्यात आदळला.

खाड्!

इंजिन किंचाळलं! बोट जागच्या जागी थांबली आणि लाटेला आडवी झाली.

"पंख्यात जाळं अडकलं गं!" बोंग-छी ओरडली.

"जाळं अडकलं असतं तर इंजिन गुदमरलं असतं, आजी. हे तर मोकाट सुटलंय. ताकद पंख्यापर्यंत जातच नाहीये!" सिऊ-खिमनं इंजिन बंद केलं. "नांगर टाका! आधी नांगर!"

नांगर गेला. दोर ताणला, थरथरला आणि कसाबसा धरला. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, दीड-दोनशे हातांवर, पाण्यातून खडकांची एक रांग डोकं काढत होती. तिच्यावर लाटा फुटत होत्या. सिऊ-खिमनं एकदाच तिकडे पाहिलं आणि इंजिनामागच्या फळ्या उचलल्या.

"ले-हुन, इंजिन चालू कर. मी सांगितलं की गिअर टाक, सांगितलं की काढ. ओकायचं ते नंतर ओक! टाक!"

गिअरला जोडलेलं जाड लोखंडी कपलिंग फिरू लागलं. त्यातून निघून पंख्याकडे जाणारा शाफ्ट मात्र ढिम्म उभा होता. आणि तो नुसता उभा नव्हता. लाटेच्या प्रत्येक हिसक्यासरशी तसूतसूनं मागे सरकत होता! बघता बघता त्याचं टोक कपलिंगमधून बाहेर आलं. आणखी वीतभर गेला असता तर पंखा सुकाणूवर अडकला असता. जिथून शाफ्ट बोटीबाहेर जातो, त्या बुचाच्या कडेनं पाण्याची चिळकांडी उडू लागली.

"काढ! बंद कर! चौघी जणी पाणी उपसा!"

सिऊ-खिम पोटावर पडली. बुचाचे नट पान्यानं आवळले, चिंधी कोंबली, पुन्हा आवळले. चिळकांडीची धार झाली, धारेचे थेंब झाले. मग तिनं शाफ्टच्या टोकावरून बोट फिरवलं. शाफ्ट आणि कपलिंग दोघांत खाच असते, आणि त्या खाचेत एक चौकोनी पोलादी पाचर बसते. तीच दोघांना एकत्र फिरवते. करंगळीएवढी ही पाचर मोडली की बोटीचं लाकूड झालंच म्हणून समजा.

खाचेत अर्धी पाचर उरली होती. चाकूच्या टोकानं तिनं ती उकरली. तळहातावर घेतली. पांढुरकी, हलकी. चाकू लावला, तर कडा खरवसासारखी कापली गेली.

हे पोलाद नव्हतं.

सिऊ-खिमनं ती उजेडाकडे धरली. मूळची पाचर तिच्या नवऱ्यानं बसवलेली होती, काळी, कडक. तीन दिवसांपूर्वी शाफ्ट उतरवला तो एकाच माणसानं. आणि वीस वर्षं गोदीत काढलेल्या त्या माणसाला पोलाद आणि ॲल्युमिनियम यांतला फरक कळत नाही, असं कोण म्हणेल?

मागचा गिअर टाकून बघ ना एकदा. आता तिला उमगलं! मागे-पुढे असा एक झटका बसला असता तर ही मऊ पाचर धक्क्यावरच तुटली असती. सहा बायका राखीव बोटीत बसल्या असत्या, आणि पुढच्या वर्षीपासून कौल त्या बोटीचा. पण बोट दोरांनी वळवली. झटका बसलाच नाही.

"बुन-ह्योंगनं केलं," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मला मारायचं नव्हतं त्याला. नुसतं लाजवायचं होतं."

"म्हणजे उपकारच झाले म्हणायचे!" बोंग-छी बादली रिकामी करत कडाडली. "आणि धक्क्यावर तुटली नाही हे बघितलंन् ना मेल्यानं? तोंडात काय चिखल भरला होता?"

सिऊ-खिमनं अर्धी पाचर कमरेला खोचली. तेच तिला सलत होतं. पाचर बदलली ते एक वेळ तिनं गिळलं असतं. हाव कोणाला सुटत नाही? पण त्या पाचरीवर वहिनी उघड्या समुद्रात निघालेली त्यानं डोळ्यांनी पाहिली, आणि तो तिच्या शेजारून पुढे निघून गेला. रडायला वेळ नव्हता, म्हणून ती रडली नाही.

नांगर घसरला! बोट पन्नासेक हात खडकांकडे सरकली आणि पुन्हा थबकली.

"पोलाद हवंय! चौकोनी, करंगळीएवढं! कोणाकडे काय आहे?"

बायकांकडे होती ती शेवाळ खरवडायची लोखंडी हत्यारं. सगळ्यांची दांडी गोल. फक्त बोंग-छीची चौकोनी निघाली. हत्यार दिलं तर बेटावर पोहोचूनही खरवडायचं कशानं? म्हातारीनं क्षणभर ते छातीशी धरलं.

"सासूचं आहे हो. जिवंत असताना टोचत होती, मेल्यावरही टोचते. घे, होऊ दे तिचाही उपयोग."

करवत. मग कानस. डुलत्या बोटीत, गुडघ्यांत दांडी धरून! एक बाजू घासायची, खाचेत लावून बघायची, पुन्हा घासायची. सिऊ-खिमच्या बोटांची सालं निघाली. पाणी उपसणाऱ्या बायका वेळ विचारत नव्हत्या, पण ओहोटी वाढलेली सगळ्यांना दिसत होती; खडकांची रांग आता गुडघाभर उघडी झाली होती. अखेर पाचर बसली. जराशी सैल होती. तिनं माशांच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापला आणि पट्टी करून फटीत सारली.

"आता शाफ्ट पुढे ओढायचा! दोर घ्या!"

शाफ्टला दोराचे पाच वेढे पडले. पाच बायका पाय रोवून बसल्या. सिऊ-खिमनं खाच खाचेसमोर धरली.

"लाट खाली जाऊ दे... आता! ओढा!"

शाफ्ट हलला. अडला. नांगर पुन्हा घसरला!

"ओढा गं! सुनेचं नाव घेऊन ओढा!" बोंग-छी किंचाळली.

खट्! शाफ्ट कपलिंगमध्ये शिरला. सिऊ-खिमनं बोल्ट आवळला, तो सुटू नये म्हणून तारेचा पीळ मारला, इंजिन चालू केलं, आणि हलकेच, कोंबडीखालचं अंडं उचलावं तसा, गिअर टाकला. शाफ्ट फिरला. बोट पुढे सरकली. बायकांनी नांगर वर ओढून घेतला. साठ हातांवर लाट खडकावर फुटली आणि मागे राहिली.

ले-हुन हुंदके देत हसत होती. बेट समोर होतं. खडकांवर माणसं मुंगीएवढी दिसत होती.

"अजून शिट्टी झाली नाही!" ती ओरडली. "काकू, वेग वाढवा! पोहोचू आपण!"

सिऊ-खिमनं वेग वाढवला. फळ्यांखालून आवाज आला, टिक्-टिक्-टिक्. पाचर खाचेत हलत होती. आणखी थोडा जोर दिला तर वेळेवर पोहोचता आलं असतं. किंवा बेटापुढच्या फुटत्या लाटांत पुन्हा लाकूड झालं असतं, आणि तिथं नांगर धरत नाही. सात घरं, सात हंगाम, तिची पहिली पाळी. तिनं डोळे मिटले आणि वेग उतरवला. टिक्-टिक् थांबली.

"शेवाळ पुढच्या वर्षीही उगवतं," ती म्हणाली.

अर्ध्या वाटेत वाऱ्यावरून शिट्टी ऐकू आली. लांब, बारीक. बोंग-छीनं ले-हुनच्या खांद्यावर गोणपाट टाकलं.

बेटाला बोट लागली तेव्हा खडक खरवडणारे हात थांबले होते. शिट्टीचा मान ज्यांचा, ते देवळाचे पंच थियाम-आजोबा पाण्यापर्यंत आले.

"उशीर झाला, सिऊ-खिम. नियम नियम आहे बाई. मोडलं काय?"

तिनं अर्धी पाचर त्यांच्या हातावर ठेवली. आजोबांचा जन्म बोटींवर गेला होता. त्यांनी नखानं ती दाबून पाहिली. "कोणी बसवली ही?"

उत्तराची गरजच पडली नाही. गर्दीतून बुन-ह्योंग पुढे आला होता. ओठ पांढरे पडले होते. खिशातून त्यानं फडक्यात गुंडाळलेली काळी पोलादी पाचर काढली.

"वहिनी, मातेची शपथ, मला वाटलं धक्क्यावरच तुटेल. तिथं तुटली असती तर कोणाच्या केसालाही..."

"आणि नाही तुटली तेव्हा?"

त्यानं पाचर पुढे केली. "ही मूळची. दे, मी बसवून देतो. परतताना त्रास नको."

सिऊ-खिमनं त्याच्या हातातून नवऱ्याची पाचर घेतली. त्याचा पान्याकडे गेलेला हात मात्र तिनं बाजूला सारला.

"बसवते माझी मी," ती म्हणाली. "धक्क्यावर तुटली असती ना बुन-ह्योंग, तर दुरुस्तीला मी हाक तुलाच मारली असती रे."

तो गुडघ्यांवर बसला. ती फळ्या उचलून खाली उतरली.