बावीस वानग्या आणि तीन तट्टं

गाडीचं चाक आसापर्यंत चिखलात गेलं होतं. बैलांनी माना टाकल्या होत्या, गाडीवान मदत आणायला गावात गेला होता, आणि एक तरुण भल्यामोठ्या लाकडी पेटीला मिठी मारून गाडीत एकटाच बसला होता.

ओढ्यावरून तीन तट्टांना पाणी पाजून परतणारी सुभद्रा अकोटच्या वेशीपाशी थांबली. तिला हसू आवरेना.

"पेटीत बायको हाये का तुमची? येवढी धरून बसले ते..."

"बायको असती तं गाडी ढकलाले उतरली नसती का?" तो म्हणाला.

सुभद्रानं पदर तोंडाला लावला. तोडीस तोड उत्तर देणारा माणूस तिला फार दिवसांनी भेटला होता.

"जाऊन कुठी राहिले?"

"अमरावतीले. सोमवारच्या आंदर."

"या गाडीनं? मंग कोन्त्या सोमवारी, ते बी सांगा."

तो देवीदास. अकोटपासून दोन कोसांवरच्या उमरखेडीचा. साल होतं अठराशे चौसष्ट. सातासमुद्रापलीकडं कुठं लढाई पेटली होती आणि तिच्यापायी वऱ्हाडातल्या कापसाला कधी नव्हता तो भाव आला होता. पण उमरखेडीचा लांब, मऊ धाग्याचा बनी कापूस अकोटचे दलाल मुद्दाम राठ, स्वस्त जरी कापसाच्या नावावर उचलत होते. अमरावतीत मुंबईचे खरेदीदार उतरलेत आणि सोमवारी दुपारपर्यंतच थांबणार आहेत, हे कळल्यावर गावानं बावीस घरांतून कापसाची एकेक वानगी, नमुन्याची पिशवी, काढली, आणि लिहिता-वाचता येणारा म्हणून देवीदासच्या हाती दिली. नेमका त्याच वेळी माघात अवकाळी पाऊस झाला. काळी माती फुगली. गाड्या जागच्या जागी बसल्या.

"दुसरा रस्ता नाई का?" त्यानं विचारलं.

सुभद्रानं उत्तरेला बोट केलं. सातपुड्याची निळी रेघ पावसानं धुऊन निघाली होती. "पायथ्यापायथ्यानं हाये. खडकाळ जमीन, पानी ठरत नाई तिथं. पन गाडी नाई जात... तट्टू जाते."

"मी तट्टावर कधी बसलो नाई."

"ते दिसूनच राहिलं."

*

सुभद्राचे वडील नत्थुजी बाजेवर पडून होते. तट्टाच्या लाथेनं त्यांचा गुडघा गेला होता. त्यांनी देवीदासचं सगळं ऐकून घेतलं.

"पोरगी नेईल तुमाले. रस्ता तिले माझ्यापेक्षा बरा ठाऊक हाये. माझी बहीण मैनाबाई संगं जाईल," ते म्हणाले. मग तट्टांकडं पाहून हळूच बोलले, "शेवटचीच फेरी समजा. जो तो आता गाडी घेऊन राहिला. बडनेऱ्यापर्यंत आगीनगाडीचा लोखंडी रस्ता येऊन राहिला म्हनतात. तट्टं कोन ठेवते? विकून टाकीन."

सुभद्रानं शेजारच्या तट्टाच्या मानेवरून हात फिरवला. सातव्या वर्षी तिचं लग्न झालं होतं आणि दहाव्या वर्षी पटकीत नवरा गेला होता. त्याचा चेहराही तिला आठवत नव्हता. पाटासाठी, विधवेच्या दुसऱ्या लग्नासाठी, तीन स्थळं येऊन गेली. तिघांनाही तट्टं नको होती, फक्त चूल सांभाळणारी हवी होती. तिन्ही वेळा ती नाही म्हणाली होती.

तिनं देवीदासची पेटी अंगणात ओढली. "उघडा."

चार धोतरं, तीन अंगरखे, परात, लोणच्याची बरणी, पंचांग, आरसा, उशी... एकेक वस्तू ती बाजूला ठेवत गेली. घरी परत जायच्या वस्तूंचा ढीग वाढत चालला.

"उशी राहू द्या. मले उशीबिगर झोप येत नाई."

"तट्टावरून उतरले का येईल. धोंड्यावर बी येईल."

"बरं, आरसा तरी. व्यापाऱ्यापुढं उभं राहाचं हाये, थोबाड पाहावं लागन ना..."

"कसं दिसते ते मी सांगीन तुमाले."

बोलून गेली आणि तिचं तिलाच उमगलं. देवीदासनं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. तिनं घाईघाईनं लोणच्याची बरणी उचलली आणि उगाचच हुंगली.

शेवटी उरलं ते एवढंच — एक कोरडं धोतर, घोंगडी, तांब्या, चकमक, दोर, आणि भाकरी, तिखट, गूळ-फुटाणे. बावीस वानग्या मेणकापडात गुंडाळून तिनं त्यांच्या दोन सारख्या वळकट्या केल्या. मग सगळं त्याच्याच खांद्यावर देऊन म्हणाली, "अंगनाच्या दहा चकरा मारा."

"मी काहून? तट्टू हाये ना?"

"तट्टाले बोलता येत नाई. तुमाले येते. जड काय होते ते तुमी सांगा."

सातव्या चकरीला त्यानं तांब्या आणि जास्तीचा दोर आपणहून काढून ठेवला. सुभद्रा बघत होती. माणूस शिकणारा होता.

मातीत काडीनं रेघ ओढून तिनं वाट समजावली. गुरुवारी अंजनगाव, शुक्रवारी एलिचपूर, शनिवारी आसेगाव, रविवारी सकाळी अमरावती. "कोस मोजू नका, पानी मोजा. पानी जिथं हाये तिथं मुक्काम. अन् सोमवार हातचा. तो दिवस आपला नाई असं समजून चाला."

मग तिनं गाठ शिकवली. ओझं दोन्ही बाजूंनी सारखं, जड ते खाली, आणि गाठ अशी की एका हिसक्यात सुटली पाहिजे. तीनदा त्याची चुकली. चौथ्यांदा तिनं त्याची बोटं धरून दोर फिरवला. तिचा हात खरखरीत होता, दोराचे घट्टे पडलेला, आणि देवीदासला वाटलं, ही गाठ अजून दोन-चार वेळा चुकली तरी चालेल...

"मुद्दाम चुकवून राहिले तुमी," सुभद्रा म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिनं त्याला अर्धा दिवस जवळच्या टेकडीपर्यंत फिरवून आणलं. तो दोनदा पडला. मांड्या सोलून निघाल्या. "आज दुखलं ते बरं झालं," ती तेल देत म्हणाली. "घर जवळ हाये."

*

गुरुवारी तिघं निघाली. पुढं सुभद्रा, मधे देवीदास, मागं मैनाबाई. पळसाला नुकत्याच कळ्या धरत होत्या. तट्टांच्या खुरांखाली गोटे वाजत होते, आणि डावीकडचा डोंगर दिवसभर सोबत चालत होता. संध्याकाळी अंजनगावला पोचली तेव्हा देवीदास तट्टावरून उतरला तो सरळ जमिनीवर बसला, आणि बसल्या बसल्याच झोपला. उशीची आठवण त्याला झाली नाही.

शुक्रवारी सकाळी पाहतात तो शहानूर नदी लाल होऊन वाहत होती. वर डोंगरात पाऊस झाला होता.

"कमरेयेवढंच दिसते," देवीदास अधीर होऊन म्हणाला. "घालू ना तट्टं."

"दिसते. पन तळ दिसते का तुमाले?"

"सुभद्राबाई, बावीस घरं वाट पाहून राहिली..."

"म्हनूनच थांबाचं. हातचा दिवस कशासाठी ठेवला?"

त्यानं तोंड फिरवलं. रागावला, हे तिला दिसलं. पण तासाभरानं तो आपणहून तट्टांचे खूर साफ करायला बसला, तेव्हा तिला बरं वाटलं.

दिवसभर तिघं आंबराईत थांबली. मोहोराचा वास दाटला होता. मधूनच पावसाची हलकी सर यायची, पानांवर वाजायची, जायची. मैनाबाई घोंगडी पांघरून पडली होती.

"पाट काहून नाई लावला तुमी?" देवीदासनं विचारलं. विचारलं आणि लगेच मान खाली घातली.

"तुमी लगीन काहून नाई केलं?"

"तीन बहिनी होत्या. त्यायची लग्नं उरकता उरकता चोवीस वर्साचा झालो."

"मले तट्टं सोडा म्हनत होते सारे," ती म्हणाली. "घरात बसलं का माझा जीव घुसमटते... इथं वाट माहीत असलेल्या मानसाले मान असते. बाई हाये का बुवा, कोनी पाहात नाई."

देवीदासनं एकदा घोंगडीकडं पाहिलं. मग म्हणाला, "मी पायलं की."

"काय?"

"बाई हाये ते."

सुभद्रानं मुरमाचा एक खडा उचलून त्याच्याकडं फेकला. घोंगडीखालून मैनाबाई खोकली.

*

शनिवारी नदी उतरली आणि तिघांनी एलिचपूर गाठलं. तिथून पुढं छावणीचा मुरूम टाकलेला रस्ता होता, पण रविवारी दुपारी पूर्णा आडवी आली. पाणी गुडघाभर, तळाशी वाळू. मैनाबाई पार झाली. देवीदास पार झाला. सुभद्रा मागून वानग्या लादलेलं आपलं तट्टू घेऊन येत होती, आणि ऐन मध्यावर वाळूनं दगा दिला. तट्टाचे पुढचे पाय रुतले, ते आडवं झालं, आणि तिचा पाय त्याच्याखाली सापडला.

"वानग्या घ्या..." ती ओरडली. "पयले वानग्या..."

देवीदास पाण्यात शिरला. वानग्यांकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. तट्टाच्या पोटाशी वाकून त्यानं गाठ चाचपली आणि हिसका दिला. एका हिसक्यात ओझं सुटलं. हलकं झालेलं तट्टू धडपडत उठलं. त्यानं सुभद्राला दंडाला धरून वर ओढलं, तिला आपल्या आधारानं उभं केलं, आणि मगच मागं वळून वाहत निघालेल्या वळकट्यांमागं धावला. एक तिथंच सापडली. दुसरी पन्नास पावलांवर बाभळीच्या मुळीला अडकली होती.

काठावर मैनाबाईनं मेणकापड उलगडलं. आत कापूस कोरडा होता. बावीसच्या बावीस.

"मी वानग्या म्हनलं होतं," सुभद्रा म्हणाली. तिचा घोटा सुजत चालला होता.

"आयकू आलं," देवीदास म्हणाला. "पन हातचा दिवस तं ठेवला होता. हातची सुभद्रा नाई दुसरी."

तिला रडू आलं की हसू, तिचं तिलाच कळलं नाही. तोंडावर नदीचं पाणी होतं म्हणून बरं.

आसेगाव न थांबताच मागं टाकलं होतं, आता मुक्कामाला अमरावतीच्या अलीकडच्या वलगावकडं सरकायचं होतं. सुभद्रा तट्टावर बसली आणि देवीदास लगाम धरून पुढं चालला. खड्डा कुठं, निसरडं कुठं, तो तिला न विचारता ओळखत होता. पाच दिवसांपूर्वी पेटीला मिठी मारून बसलेला माणूस तो हाच का, असं तिला वाटत राहिलं...

*

सोमवारी ऊन तापायच्या आत तिघं अमरावतीच्या परकोटाच्या वेशीतून आत शिरली. रुईबाजारात माणसं पुष्कळ होती, पण सगळ्यांच्या गाड्या अडकल्यामुळं माल नव्हता. खरेदीदाराचा कारकून दप्तर बांधत होता.

दारात देवीदास थबकला. सुभद्राकडं वळून हळूच म्हणाला, "कसा दिसून राहिलो?"

चिखलानं भरलेलं धोतर, चार दिवसांची दाढी, उन्हानं रापलेला चेहरा. सुभद्रानं नीट पाहिलं. घाई केली नाही.

"लय बरे," ती म्हणाली.

तो आत गेला. बावीस पिशव्या त्यानं ओळीनं मांडल्या. खरेदीदारानं पहिल्या पिशवीतला पुंजका घेऊन बोटांत ओढला. धागा ताणला गेला, तुटला नाही. मग दुसरी पिशवी, मग तिसरी. त्यानं कारकुनाला दप्तर सोडायला सांगितलं.

"ही जरी नाही," तो म्हणाला. "कोण म्हणालं जरी? ही अस्सल बनी आहे. रस्ते सुकले की गाड्या भरा. सगळा माल बनीच्या भावानं घेतो." मग त्याची नजर दाराबाहेर गेली. "पण अकोटहून या चिखलात तुम्ही आलात कसे?"

देवीदासनं बाहेर बोट दाखवलं. "त्यायनं आनलं."

खरेदीदार उठून बाहेर आला. त्यानं तट्टं पाहिली, बांधणी पाहिली, सुजलेला पाय टेकून ताठ उभी राहिलेली सुभद्रा पाहिली. पुढच्या हंगामात पायथ्याच्या साऱ्या गावांच्या वानग्या तिनंच आणायच्या, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. मैनाबाईनं त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. नत्थुजींची तट्टं आता विकली जाणार नव्हती.

परतीच्या वाटेवर घाई नव्हती. ऊन कोवळं होतं, माती सुकत होती, दोन तट्टं शेजारी शेजारी चालत होती. मैनाबाई मागं डुलक्या घेत होती... निदान दिसत तरी तसंच होतं.

"सुभद्राबाई," देवीदास म्हणाला, "आमच्यात बिनलग्नाच्या पोराले पाट लावाचा असला, तं पयले त्याचं रुईच्या झाडासंगं लगीन लावतात."

"आमच्यात बी तसंच हाये. पन मले काहून सांगून राहिले?"

"सहज. येता येता त्या बांधावर एक झाड पायलं. बरं वाटलं मले."

सुभद्रा समोर बघत राहिली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या.

"तट्टं संगं येतील," ती म्हणाली.

"तट्टं नसतील तं मी बी येत नाई."

"मायले विचारलं तुमच्या?"

"तिनंच पेटीत उशी ठेवली होती. उशीबिगर झोपाले शिकवलं म्हनलं, तं तुमाले नाई म्हनाची नाई."

मागून मैनाबाईचा आवाज आला, "झाडासंगं लावा का कोनासंगं लावा, पन पयले तट्टं हाका. उन्हं चढून राहिली."

दोघांनीही मागं पाहायचं टाळलं. बांधावरची रुई जवळ आली. हिरवट-पांढरी पानं, आणि त्यांत जांभळे घोस. सुभद्रानं लगाम ओढला, वाकून एक फूल तोडलं आणि उन्हात धरून निरखलं.

"चांगली हाये," ती म्हणाली. "अशी सवत चालते मले."