दोरीचं दुसरं टोक

मेलेल्या माणसाची एक मोठी सोय असते, तो खुलासा पाठवत नाही. त्याच्या नावावर काहीही छापावं. आमच्याच पेपरात छापून आलं होतं, 'दारूच्या नशेत कामगार टाकीत पडून मृत्युमुखी'. बातमी दिली मालकाने, पडताळली कुणीच नाही. मी त्या आठवड्यात रजेवर होतो. असतो तर संपादकांच्या टेबलावर जाऊन भांडलो असतो, एवढं खात्रीने सांगतो.

त्या कामगाराला सगळे लंबू म्हणायचे. काही महिन्यांनी त्याची बायको ऑफिसात आली. खुर्चीच्या अगदी काठावर बसली, पाणीही घेतलं नाही.

"दादा, शर्ट वाइनने भिजलेला होता," ती म्हणाली. "पण मी त्यांचं तोंड पुसलं ना, तेव्हा तोंडाला वास नव्हता."

मग तिने मला काम समजावून दिलं. द्राक्षांचा रस जमिनीखालच्या सिमेंटच्या टाकीत आंबतो. रस काढून घेतला की तळाचा चोथा फावड्याने उपसायला माणूस आत उतरतो. आंबलेल्या रसाचा जड वायू तळाशी साचून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी असते आणि तिचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात. खालचा काम करता करता दोन हिसके देतो, म्हणजे मी ठीक आहे. वरचा दोन हिसके देतो, म्हणजे मी इथेच आहे. खालून लागोपाठ ओढ लागली किंवा काहीच आलं नाही, तर विचार न करता वर खेचायचं.

"वर माणूस असल्याशिवाय ते पाय खाली टाकत नसत. एकटे उतरले म्हणे! वर कोण होतं, एवढंच शोधून द्या. माझ्या पोरीला शाळेत बेवड्याची पोर म्हणतात." उठताना तिने आणखी एक मागितलं. ती दोरी लंबूने स्वतः वळली होती, टोकाला त्याची बारीक गाठ होती. मिळाली तर ती हवी होती.

वाइनच्या त्या कारखान्याचं आता हॉटेल झालं होतं. पुढे समुद्र, मागे टेकडीपर्यंत द्राक्षांचे मळे. हंगाम संपलेला, पाहुणा मी एकटाच. मी फोनवरच सांगून ठेवलं होतं की मी वार्ताहर आहे आणि लंबूबद्दल विचारायला येतोय. लपूनछपून बातमी काढणं मला जमत नाही. मालकाने हसत समुद्राकडची खोली दिली. पत्रकारांना समुद्र दाखवला की ते द्राक्षांकडे बघत नाहीत, असं वर म्हणाला. माणूस गोड होता. मला गोड माणसांचा राग येतो.

खोली स्वच्छ होती. पांढरी चादर, काचांवर मिठाचा पापुद्रा. फक्त एक आंबूस वास होता. इथे वाइन काढणं बंद झालंय, असं मालकाने दारातच सांगितलं होतं. भिंतींत मुरला असेल, असं म्हणून मी तो विषय सोडला.

ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्ही जेवणाच्या हॉलमध्ये चहा घेत बसलो. जुनी टाकी याच हॉलच्या मधोमध होती. पाहुण्यांना बघायला म्हणून तिच्या तोंडावर जाड काच बसवलेली, आत दिवा. काचेला एक गोल भोक, त्यातून एक दोरी खाली सोडलेली. वरचं टोक खांबाच्या कडीला अडकवलेलं. ज्या दोरीच्या टोकाला माणूस गेला, तिची या गृहस्थाने शोभेची वस्तू केली होती! संताप आला, पण आधी प्रश्न विचारायचे होते. मी वाकून पाहिलं. खालचं टोक तळापासून हातभर वर मोकळं लोंबत होतं. त्याला काहीही बांधलेलं नव्हतं.

सगळ्या खुर्च्या रिकाम्या असताना मालक खांबाशेजारीच बसला.

मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि विचारायला लागलो. त्याची उत्तरं तयार होती. त्या दिवशी तो शहरात होता. टाकीच्या कामातलं त्याला काही कळत नाही, तो हिशेब आणि पाहुणे बघतो. लंबू प्यायचा, सगळ्यांना माहीत होतं. सगळे म्हणजे कोण, असं मी विचारलं, तर सगळे म्हणजे सगळेच.

तेवढ्यात दोरी ताणली गेली.

दोन हिसके. हलके, पण स्पष्ट. खिडक्या बंद होत्या आणि माझ्या कपातला चहासुद्धा हलत नव्हता.

मालक बोलतच होता. बोलता बोलता त्याने हात मागे नेला, दोरी धरली आणि दोनदा ओढली. मांडीवरच्या मांजराला थोपटावं इतक्या सहज.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"काय?"

"दोरी ओढलीत. दोनदा."

त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा गोडवा उतरला. "सवय..." तो म्हणाला.

"तुम्हाला तर टाकीचं काम ठाऊक नाही. मग सवय कसली?"

आंबूस वास आता खालून, त्या भोकातून येत होता. दोरीला पुन्हा दोन हिसके बसले. या वेळी त्याने हात मांडीवर दाबून धरले. थोड्या वेळाने पुन्हा दोन, जरा जोरात. खांबाची कडी वाजली. मी काचेतून पाहिलं. खालचं टोक ताठ झालं होतं, कुणी मुठीत धरल्यासारखं. मूठ नव्हती.

"वर कोण होतं?" मी विचारलं. माझाही आवाज खाली गेला होता.

"मी होतो..." तो म्हणाला. "कारखाना बघायला पाहुण्यांची बस आली. हॉर्न वाजवत होते. दोरी कडीला अडकवली, म्हटलं आलोच... परत आलो तेव्हा सैल होती." वाइनची बाटली त्यानेच शर्टावर ओतली होती, हेही त्याने सांगितलं. कुजबुजत सांगितलं, पण रेकॉर्डरने सगळं टिपलं. "तो रोज विचारतो. उत्तर दिलं की थांबतो."

"आणि वर खेचलं तर?"

"खेचून बघायची हिंमत नाही..."

मी दोरी कडीतून सोडवली आणि भोकातून पूर्ण वर ओढली. हलकीच होती. वाळलेली, टोकाला लंबूची बारीक सुबक गाठ. मालकाने अडवलं नाही. मी त्याच संध्याकाळी निघालो.

बातमी पहिल्या पानावर आली. चौकशी लागली, मालकाला अटक झाली आणि पेपराने जुन्या मजकुराबद्दल माफी छापली. त्या माफीतला शब्द न् शब्द मी भांडून घेतला. दोरी मी लंबूच्या बायकोला नेऊन दिली. तिने ती अंगणात विहिरीशेजारी बांधली, कपडे वाळत घालायला. मुलगी ताठ मानेने शाळेत जायला लागली. माझ्या लेखी प्रकरण तिथे मिटलं.

काल लंबूच्या बायकोचा फोन आला. धाप लागलेली होती, पण आवाज घाबरलेला नव्हता. दोरीचं एक टोक खुंटीवरून सुटून विहिरीत पडलं, असं तिने सांगितलं.

"मग काढा बाहेर," मी म्हटलं.

"तेच करतेय, दादा. दोन हिसके आले, मी दोन दिले. आता लागोपाठ ओढतायत." कडी करकरावी तसा आवाज येत राहिला. "जड लागतंय. पण येतायत."

"ऐका, दोरी सोडा..." मी म्हणालो.

फोन दगडावर ठेवल्याचा आवाज आला. तिला दोन्ही हात लागत असणार.