वळणावरची चौकट

वीज गेली होती. गच्चीवर भाचरं मामाला खेटून बसली.

"ही भुताची गोष्ट ऐकीव नाही," मामा म्हणाला. "माझ्या मित्राच्या मुलीच्या बाबतीत घडलेली. ताईच म्हणू तिला."

ताईचं काम घरबसल्या. रस्त्यावरचे फोटो यायचे. दिसेल त्याभोवती माउसने चौकट आखायची आणि वर लिहायचं: माणूस, गाडी, झाड, सावली. त्यावरूनच बिनचालकाच्या गाड्या शिकणार, कुणासाठी ब्रेक मारायचा आणि कशावरून बिनदिक्कत जायचं.

"मामा, भूत कॉम्प्युटरमध्ये?"

"मग काय, जन्मभर झाडावरच लटकायचं त्याने?"

पोरं खिदळली. मामा मात्र हसला नाही.

गेल्या महिन्यातला मंगळवार. रात्रीचे पावणेदोन. एका फोटोत सुनसान वळण, दिव्याचा खांब, खांबापाशी धूसर बाई. ताईने चौकट आखली. माणूस.

काम तपासणाऱ्या साहेबाचा फोन. "मॅडम, डुलक्या काढताय का? तिथे कुणी नाही. सावली लिहा."

ताईने सावली लिहिलं.

पुढचा फोटो. तेच वळण. बाई खांब सोडून रस्त्यावर.

पुन्हा सावली.

पुढचा फोटो… बाई मधोमध. अगदी जवळ. हात उचललेला. विनवत नव्हती. जाब विचारत होती.

तेव्हा ताईला उमगलं. हिला आधीही कुणीतरी सावलीच लिहिलं असणार… आणि गाडी थांबली नसणार.

तिने तिन्ही फोटो उघडले. सावली खोडली. माणूस लिहिलं.

फोन लगेच वाजला. "उद्यापासून तुमचं काम बंद!"

घर तिच्याच पगारावर चालत होतं. तरी ती म्हणाली, "करा बंद. माणूस आहे, माणूसच लिहिणार. खाली माझं नाव टाका."

"मॅडम… तिथे खरंच कुणी नाही हो."

"तुम्हाला दिसत नाही, एवढंच."

"मग?" धाकटीने मामाची बाही धरली.

"मग काय, नोकरी गेली. पण कामाचं खातं बंद व्हायच्या आधी तिने तो शेवटचा फोटो पुन्हा उघडला. बाई नव्हती. रस्ता मोकळा. ताईची चौकट जागच्या जागी."

मामाने धाकटीला जवळ ओढलं.

"आणि त्या चौकटीला चिकटून… आणखी एक चौकट. ताईने न आखलेली. बाईच्या कमरेएवढ्या, लहान पोराच्या उंचीची. वर लिहिलं होतं, माणूस."